वाकलेल्या पिना

"द्या इकडे," अध्यक्ष म्हणाले. "नवशिक्याचं काम नाही हे."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत संगणक हौशी मंडळाची रविवारची बैठक भरली होती. टेबलावर सिस्टरचं कॅबिनेट आडवं पडलं होतं, एका बाजूचं झाकण काढलेलं, त्याचे स्क्रू बशीत. ती इस्पितळात नर्स होती, म्हणून मंडळात सगळे तिला सिस्टरच म्हणत. एकेक भाग स्वतः निवडून तिने हे मशीन जमवलं होतं. प्रोसेसर आपल्या हाताने बसवायचा, असं तिने आल्या आल्याच सांगितलं होतं. पण नव्या सभासदाचा प्रोसेसर अध्यक्षच बसवत. मंडळ त्यांनी काढलं तेव्हापासून असंच चालत आलं होतं.

त्यांनी डबी उघडली. प्रोसेसर चिमटीत धरून मदरबोर्डवरच्या सॉकेटवर नेला. त्याच्या पोटाखाली केसाएवढ्या बारीक पिनांच्या दाट रांगा होत्या. चिमूट हलली. त्यांनी पुन्हा नेम धरला, खालचा ओठ चावला आणि अंगठ्याने दाबलं. कच्च असा बारीक आवाज झाला.

उचलून बघतात तर एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या झोपलेल्या. दोन तर तुटूनच गेल्या होत्या.

"आधीच वाकलेल्या होत्या," अध्यक्ष म्हणाले. "माल जरा बघून घेत जा, सिस्टर."

"तुमच्या हातात देण्याआधी मी बघितलं. सगळ्या सरळ होत्या."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

तिथल्या बहुतेकांची मशीनं अध्यक्षांच्याच हातांनी उभी केली होती. एकाने उगाचच चष्मा पुसायला काढला.

"खोटंच बोलताय," खिडकीजवळून मंडळातले दंतवैद्य डॉक्टर म्हणाले. "तुमच्या हाताने वाकल्या. मी इथून पाहिलं."

झालं! सगळी खोली डॉक्टरांवर उलटली.

"तुम्ही तर बोलूच नका, डॉक्टर," चिटणीस उठून उभे राहिले. "तुमचा डोळा त्या खुर्चीवर आहे, हे काय आम्हाला कळत नाही?"

"निवडणुकीत आपटले, त्याचा राग अजून जात नाही," मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले.

एके काळी अध्यक्ष आणि डॉक्टर यांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. पॉवर सप्लाय कोणता घ्यावा यावरून बिनसलं, ते बिनसलंच. तेव्हापासून अध्यक्षांनी पंखा मागे लावा म्हटलं, की डॉक्टर म्हणणार पुढे. त्यामुळे आज डॉक्टर खरं बोलत होते, तरी त्या खरेपणाला तिथे काडीची किंमत नव्हती.

"सिस्टर, तुम्ही असं करा," चिटणीस म्हणाले. "हा दुकानदाराला परत करा. डबीतून असाच निघाला म्हणून सांगा."

"आता मी त्याच्याशी खोटं बोलू?"

तिचा आवाज चढला होता. पण तिची नजर प्रोसेसरवर नव्हती. अध्यक्ष खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर टाकून. हात रिकामा होता, अंगठा आणि तर्जनी मात्र एकमेकांवर घासत होती. गोळी वळत असल्यासारखी.

"काका, तो हात जरा स्वस्थ ठेवा बघू."

"ठेवलाय की."

"नाही ठेवलेला. बघा, सगळ्यांनी बघा!" ती म्हणाली. "असे हात मी वॉर्डात रोज बघते. कंपवात आहे हा. आणि तुम्ही खापर माझ्या डोक्यावर फोडताय!"

टेबलाभोवतीची माणसं थोडी मागे सरकली. अध्यक्षांनी डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला. चारचौघांत असं बोलायला नको होतं, हे सिस्टरला बोलून झाल्यावर कळलं. पण राग अजून तसाच होता, आणि तो आता डॉक्टरांकडे वळला.

"आणि तुम्ही, डॉक्टर? दर रविवारी यांच्या समोर बसता. दातांचे असलात म्हणून काय झालं, तुमच्या लक्षात आलं नाही?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. जरा जास्तच वेळ.

अध्यक्षांनी सावकाश मान वळवली. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पावसाळ्यापासून."

"आणि गप्प बसलास."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?" डॉक्टर म्हणाले. "खुर्चीवर डोळा आहे, हेच ना?"

"म्हणालो असतो," अध्यक्ष म्हणाले. "तोंडावर म्हणालो असतो. पण घरी जाऊन हाताकडे बघितलं तरी असतं."

चिटणीस खाली बसले. सिस्टरने प्रोसेसर डबीत ठेवला आणि डबी पर्समध्ये टाकली.

"झाकण लावून देतो," अध्यक्ष म्हणाले आणि उठले.

त्यांनी झाकण सरकवून बसवलं. पहिला स्क्रू भोकाशी नेता नेता बोटांतून निसटला आणि घरंगळत डॉक्टरांच्या बुटापाशी जाऊन थांबला. डॉक्टर वाकले नाहीत. कुणीच वाकलं नाही.

अध्यक्षांनी बशीतून दुसरा उचलला.