एक फ्रॉक जास्तीचा

"सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही," शिंपीमास्तर म्हणाले आणि त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. ते थांबलं की अर्धा तास तरी काम होत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मेहुणा खुर्चीत ऐसपैस बसला होता. "दाजी, विश्वास ठेवायला तुम्ही कधी जागा सोडलीय? पण सांगा."

पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. पडद्याकडे पाठ करून बायको काजं करत होती. नऊ वर्षांची लेक, जिला मास्तर गुंडी म्हणत, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून चिंध्यांना गाठी मारत होती.

"विज्ञान संग्रहालयाच्या पायऱ्यांवर ही झुंबड," मास्तर म्हणाले. "परदेशी पाहुणे यायचे होते. मोठे साहेब स्वागताला उभे. चष्मा पडला म्हणून वाकले, आणि टर्र! पँट मागून उसवली. कमरेपासून पार गुडघ्यापर्यंत."

"गुडघ्यापर्यंत?"

"बरं, मांडीपर्यंत धर. मी कॉलरची सुई काढली आणि बसलो साहेबांच्या मागे. पुढे हस्तांदोलन चालू, मागे माझे टाके चालू. पाहुणे सात. सातव्याचा हात सुटला आणि इकडे मी दाताने दोरा तोडला."

"कुठे तोंड नेलंत दाजी," मेहुणा म्हणाला.

"हजारदा सांगितलंय, सुई कॉलरला टोचत जाऊ नका," बायको म्हणाली. पण तीही हसत होती.

"साहेब म्हणाले, मास्तर, काय देऊ? म्हटलं, पैसे नकोत. पोरीला तेवढं आत सोडा."

खरं काय घडलं ते या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

लेकीने तीन महिने संग्रहालयाचा धोशा लावला होता. मास्तर आठवडाभर आधी एकटेच जाऊन तिकिटाचा फलक वाचून आले. मोठ्यांचं एक, लहानांचं एक, तारांगणाचं वेगळं. गाठीला तेवढे पैसे होते, खरी लाज तीच. पण फलकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. अनाथाश्रमातल्या मुलांना प्रवेश मोफत.

आणि अनाथाश्रमाचे फ्रॉक शिवायचे ते मास्तरच. एकोणचाळीस सांगितले की ते चाळीस बेतायचे. हात राखून कातर चालवली की एक निघतोच. एखादीचा फाटला तर बदली द्यायला तो कपाटात राहायचा. निळा, पांढऱ्या कॉलरचा, खिशावर आश्रमाचं नाव भरलेला. मुली कोणत्या दिवशी संग्रहालयाला जाणार, हे फ्रॉक पोचवतानाच कळलं होतं.

आज सकाळी संग्रहालयामागच्या पाण्याच्या टाकीआड मास्तरांनी तो लेकीला घातला. अंगावर बेतल्यासारखा बसला. आपण शिवलेला कपडा कुणाच्या अंगाला इतका चपखल बसला आणि मास्तरांनी मान खाली घातली, असं उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

दारवान तोंडं बघत नव्हता, फ्रॉक बघत होता. आश्रमाच्या बाई सगळ्यांत पुढे, मागून मुली दोन-दोन करून आत चालल्या होत्या. शेवटची एकटी उरली होती. गुंडीने तिचा हात धरला. वळून बघायचं नाही, असं मास्तरांनी बजावलं होतं. तिने बघितलं नाही. त्यांना वाटलं होतं, एकदा तरी बघेल.

मग समोरच्या बाकावर तीन तास. तिकीट काढून आत जावं तर आश्रमाच्या बाई ओळखणार. खिशातल्या नोटा हाताला लागत होत्या. मास्तरांनी हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.

परतताना त्यांनी विचारलं, "मजा आली ना?"

"हो," ती म्हणाली. मग घर येईपर्यंत एक शब्द नाही. एरवी ही पोर झोपेतसुद्धा बोलायची.

म्हणून तर आता ही कथा चालली होती. ती मेहुण्यासाठी नव्हती, बायकोसाठी तर नव्हतीच. ती गठ्ठ्यावर बसलेल्या पोरीसाठी होती. आजचा दिवस असा रंगवायचा की तिला पुढे हीच कथा आठवावी, टाकीआडचा फ्रॉक आठवू नये. बाबा थापा मारतात हे तिला ठाऊक असायचं, पण तिने आजवर एकदाही मध्ये तोंड घातलं नव्हतं. उलट एखादा हत्ती कमी पडला तर तीच वाढवून द्यायची.

"मग काय," मास्तरांनी आवाज चढवला, "साहेबांनी स्वतः हिचा हात धरला. तारांगणात पहिल्या रांगेत बसवलं. लोक आपसात विचारायला लागले, ही कुठल्या बड्या घरची? तर ही बया एवढ्या माणसांत ताठ मानेने म्हणाली, मी शिंपीमास्तरांची लेक."

मेहुण्याने हसून हसून डोळे पुसले. "काय ग गुंडे? खरंच असं म्हणालीस?"

मास्तरांनी लेकीकडे बघितलं. पँट खोटी, साहेब खोटे, त्याचं कुणाला काय. हे एक वाक्य तेवढं तिने राहू द्यावं. नुसती मान हलवली तरी पुरे होतं.

गुंडीने चिंधी बाजूला ठेवली.

"नाही मामा," ती म्हणाली. "तिथे संग्रहालयाच्या एक बाई होत्या. त्या सगळ्यांना विचारत होत्या, तुझ्या घरी कोण कोण आहे. बाबांनी सांगितलं होतं, त्या मुली म्हणतील तेच म्हण. म्हणून मीपण म्हटलं, कोणीच नाही."