पांढऱ्या गोळ्या

पाकिटातून पांढऱ्या, चपट्या गोळ्या निघाल्या तेव्हा तिचा हात जागीच थांबला. दर महिन्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लाल-पिवळ्या कॅप्सूल यायच्या. दोन वर्षांत त्यांच्या रंगरूपात कधी बदल नाही.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा खुर्चीत बसला होता. पेशाने सुतार. पण खांद्यांतल्या कळांमुळे त्याचे हात छातीच्या वर जात नव्हते. रंधा गंजला, गिऱ्हाइकं पांगली. घरातलं लाकूडकाम सगळं त्याच्याच हातचं: कपाटं, खुर्ची, दार. दाराची कडीही त्यानेच बसवलेली, अगदी वर, स्वतःच्या उंचीला. तिचा हात तिथवर पोचायचा नाही आणि त्याचा आता उचलायचा नाही. दोन वर्षं कडी नुसती लोंबकळत होती.

"झाली का डबी भरून?" त्याने बसल्या जागेवरून विचारलं. दर रविवारी ती आतल्या खोलीचं दार लोटून घेऊन आठवड्याचं औषध सात खणांच्या डबीत भरायची. "सात दिवसांच्या औषधाला तासभर लागतो हिला. घरीच बनवतेस की काय?"

विनोद नेहमीचाच. ती नेहमीसारखी हसली, कपाळावरची बट सवयीने भुवईवर ओढली आणि म्हणाली, "अहो, चुकीचं दिलंय त्याने. बदलून आणते. मी येईपर्यंत काही घेऊ नका."

रविवारी औषधाचं दुकान दुपारीच बंद व्हायचं. ती पोचली तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं.

औषधवाल्याने पट्टी उलटसुलट करून पाहिली. चूक काहीच नव्हती. कंपनीने कॅप्सूल बंद करून गोळी काढली होती, एवढंच.

"काकू, औषध तेच, ताकद तेवढीच. नुसता अंगरखा बदललाय."

"मग अंगरख्यासकट द्या की."

तो हसला. तिला हसू आलं नाही. त्यांना गोळी गिळवत नाही, ती म्हणाली. त्याने चुरून पाण्यातून द्यायला सांगितलं. जुनी एखादी पट्टी मागे राहिली असेल, असं तिने काकुळतीला येऊन म्हटल्यावर त्याने दोन-तीन खणही उपसले. काका नशीबवान आहेत, तो म्हणाला, एवढं कोण करतं आजकाल. मग तिला धीर द्यावा म्हणून त्याने आणखी एक सांगितलं. डॉक्टरांनी मात्रा वाढवूनही काकांना गुण येत नव्हता ना? कदाचित गोळी लागू पडेल.

तिने पट्टी त्याच्या हातातून ओढून घेतली.

ती पायऱ्या उतरत असताना मागे दुकानातला फोन वाजत होता. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दुकान होतं. तिथेही जाऊन आली. तिथेही कॅप्सूल नव्हत्या. परतीच्या वाटेवर मुठीतल्या पट्टीकडे लक्ष गेलं आणि ती जवळजवळ पळतच सुटली. दाखवायला तिने एकच पट्टी उचलली होती. बाकीचं पाकीट टेबलावरच राहिलं होतं.

घरात खुर्ची रिकामी होती. पाकीट फाडलेलं होतं, आणि सुतार दाराशी उभा होता, पाठ ताठ करून. असा उभा राहिलेला तिने त्याला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"ये," तो म्हणाला.

ती आत आल्यावर त्याने दार लोटलं. मग उजवा हात उचलला. छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, डोक्याच्याही वर. स्वतःच्याच हाताकडे नवलाने पाहत त्याने कडी लावली. बोटातली जाड अंगठी लाकडावर टक्कन वाजली.

तिची बोटं आपसूक भुवईकडे गेली, बटेखालच्या त्या व्रणाकडे. तो अंगठीच्याच रुंदीचा होता.

"दुकानात फोन केला होता मी," तो शांतपणे म्हणाला. "औषध तेच आहे म्हणे. ताकदही तेवढीच. मग दोन वर्षं तू मला काय भरून देत होतीस?"