मानेच्या घडीत

"खरं सांगा आई, तुम्ही त्याला काही लावता का?" मिनलनं विचारलं.

"माय वं! कितीदा सांगू तुले?" तुळसाबाईंनी पदर कमरेला खोचला. "नाही म्हनलं तं नाही."

सदर भागातल्या त्वचारोगाच्या दवाखान्यात पाच महिन्यांचा हर्षित मिनलच्या मांडीवर पाय झाडत होता. बाळ चांगलंच गुटगुटीत. हनुवटीखाली मानेला तीन घड्या. दूध, लाळ आणि नागपूरचा मे महिना, तिघांचाही मुक्काम तिथंच. घडी उघडली की आत लालभडक, ओलसर पुरळ. डॉक्टर नूपुर यांनी पंधरा दिवसांपूर्वी बजावलं होतं: मऊ कापडानं टिपा, कोरडं ठेवा, मलम-पावडर काहीही नको. पुरळ मात्र वाढलंच होतं.

सोमवारपासून मिनल परत नोकरीवर जाणार होती. आजी चोरून काही लावत असेल, तर नातू पाळणाघरात जाईल, असं तिनं घरात सांगून टाकलं होतं.

"लावतच असन," धोंडबा म्हणाले. चकचकीत, पीळदार मिशीचे आजोबा पहिल्या दिवसापासून सुनेच्या बाजूचे. "हे कोनाचं आयकते का? मी तं त्याच्या मानेले हातबी लावत नाही."

"तुमी चूप बसा जी."

डॉक्टरांनी पडदे ओढले आणि हातातला जांभळा दिवा लावला. "बाळाचे डोळे झाका. या उजेडात स्वच्छ कातडी चमकत नाही. बरीचशी मलमं, व्हॅसलीन वगैरे चमकतात."

मिनलनं घडी उघडली. आत निळसर पट्टा होता, बोटानं ओढल्यासारखा.

"पाहा!" धोंडबा म्हणाले.

तुळसाबाईंनी दोन्ही हात दिव्याखाली धरले. काहीच चमकलं नाही. नखांतसुद्धा नाही.

"साबन लावून धुतले असन," धोंडबा म्हणाले, आणि कोणी न सांगताच त्यांनी आपलेही हात पुढे केले. तेही स्वच्छ.

मिनल सासूकडे वळली. "आई, मग सोमवारपासून..."

तुळसाबाईंचे डोळे भरले. तेवढ्यात हर्षितनं भोकाड पसरलं. धोंडबांना राहवलं नाही.

"काय झालं वो माह्या राजाले?" म्हणत ते रोजच्या सवयीनं नातवाच्या मानेत तोंड खुपसायला वाकले, आणि त्या अंधारात त्यांची अख्खी मिशी निळीशार उजळली.