पाण्याच्या दिवसाची बस

प्रभागाच्या बैठकीत नगरसेविका मायाक्कांनी पाण्याचा विषय आधी घेतला आणि भांडण तिथंच सुरू झालं.

पाणीपुरवठ्याचे साहेब सांगत होते, नळ चार दिवसांनी येतो, आणि तो आला की लोक घरातलं साठवलेलं पाणी शिळं म्हणून मोरीत ओततात. हे बंद झालं पाहिजे.

"मग पावण्याला शिळं पाणी द्यायचं व्हय?" बजाबाई मागून म्हणाली. "तुमी रोज सोडा की साहेब. एक थेंब वततो का बगा."

सगळे हसले. साहेबही हसले.

शिवयोगी शेवटच्या रांगेत बसला होता. बायको सुंदरम्मा गेल्यापासून तो पहिल्यांदाच असा चार माणसांत आला होता. त्याचं एकच काम होतं. बसचा विषय निघाला की उठायचं, ड्रायव्हर भीमाशंकरचं नाव घेऊन सगळ्यांसमोर त्याचे आभार मानायचे आणि घरी जायचं.

विषय निघाला. मृत्युंजय नावाचा तरुण उठला. त्याच्या खांद्याला ऑफिसची बॅग होती.

"सकाळची बस पाण्याच्या दिवशी हमखास उशिरा सुटते. ऑफिसात मला बोलणी बसतात. असंच चाललं तर लोक गाड्या घेतील. मग तुम्हीच म्हणाल, प्रवासी नाहीत, बस बंद करा."

बोलणं खरं होतं. बसचे साहेब दाराशी उभ्या असलेल्या भीमाशंकरकडे वळले.

"काय रे, का थांबवतोस गाडी?"

"इंजिन गरम होतंय, साहेब. थंड होईस्तोवर थांबावं लागतं."

"पाण्याच्या दिवशीच गरम होतं?"

साहेबांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर या मार्गावरून काढीन. त्या बसनं जाणाऱ्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. त्या सगळ्या खाली बघत होत्या. शिवयोगीला ते दिसलं, पण कळलं नाही. आपला माणूस बोलणी खातोय एवढंच त्याला कळलं. तो उठला.

"साहेब, मी शिवयोगी. माझी बायको ह्याच गाडीनं डायलिसिसला जायची. पण नळ आला की ती घर सोडत न्हवती. शिळं पाणी वतायची न्हाय ती. आदी धुण्याच्या पिंपात उपसायची, मग ताजं भरायची. मी म्हणायचो, मी भरतो, तू जा. ऐकायची न्हाय. अंगात जीव न्हवता, पण घागरीला दुसऱ्याचा हात चालायचा न्हाय. गाडीची वेळ होऊन जायची, आणि ह्यो माणूस थांबायचा. एकदा बी हॉर्न वाजवला न्हाय. ती फाटकातनं 'बंदे, बंदे' करत यायची, आले आले म्हणत, आणि ह्यो दार उघडून बसलेला. तिचं एक बी डायलिसिस चुकलं न्हाय, साहेब. त्याचं आभार मानायला आलोय."

त्यानं हात जोडले.

बसचे साहेब म्हणाले, "म्हणजे इंजिन गरम होत नव्हतं."

बजाबाईनं कपाळावर हात मारला. "काका, काय केलं वो हे! त्यानंच आमाला शपथ घातली हुती, तोंड उघडू नका म्हणून. आमा सगळ्या बायांसाठी थांबायचा तो."

शिवयोगीचे जोडलेले हात तसेच राहिले. भीमाशंकर त्याच्याकडे बघून किंचित हसला, जाऊ द्या म्हणाल्यासारखा. ते हसणं शिवयोगीला सोसलं नाही.

"त्याला काढू नका, साहेब," तो म्हणाला. "त्याच्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?"

साहेबांनी मायाक्कांकडे बघितलं. मायाक्कांनी मृत्युंजयला विचारलं, "तुमच्याकडं पाणी कोण भरतं?"

"आई."

"तरीच ह्येची इस्त्री मोडत न्हाय," बजाबाई म्हणाली.

मृत्युंजयच्या कानांपर्यंत लाली चढली. पण तो बसला नाही.

"गाडी थांबते म्हणून माझी तक्रार नाही, मावशी. कधी सुटणार ते कळत नाही, ही तक्रार आहे. पाण्याच्या दिवशी अर्धा तास उशिरा सुटेल असं थांब्यावर लावून टाका. मी पण दोन घागरी भरून येईन."

मायाक्कांनी सभेला विचारलं. आधी बायकांचे हात वर गेले, मग बाकीचे. साहेबांनी थोडा वेळ हिशेब केला आणि पाण्याच्या दिवसाची वेगळी वेळ लावायचं कबूल केलं.

"पण खोटं बोललास," ते भीमाशंकरला म्हणाले. "नोटीस निघणार."

"चालतंय, साहेब," भीमाशंकर इतक्या झटकन म्हणाला, की सभा पुन्हा हसली.

बाहेर चपला घालताना दोघांची गाठ पडली.

"तुझं वाटोळं केलं असतं रे मी," शिवयोगी म्हणाला.

"न्हाय वो काका. चोरून थांबायचो, आता राजरोस थांबीन." भीमाशंकरनं त्याचा हात धरून त्याला पायरी उतरवलं. "उद्या तुमच्याकडं पाणी हाय न्हवं? भरताय का न्हाय?"

"एकट्याला काय लागतंय? एक घागर."

"मग भरून या. थांबतो."

"मला कुटं जायचंय आता?"

भीमाशंकरनं थोडा विचार केला.

"गाडी हाय की," तो म्हणाला. "कुटं बी चला."