डावीकडचं दार

बेचाळीस उतारूंचं विमान टेकून वीस मिनिटं झाली, तरी पासपोर्टच्या खिडकीसमोर चिटपाखरूही नव्हतं. साहेब शाईचा पॅड उघडून, शिक्का हातात धरून ताटकळत बसले होते. शेवटी त्यांनी काचेवर टकटक केली.

"बाई, माणसं गेली कुठे?"

दारावरच्या बाईनं वळून पाहिलं. डावीकडचं दार सताड उघडं होतं.

विमानतळ छोटा, पण नाव मोठं. चार वर्षांपूर्वी पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द चढला, त्यासाठी पाटी लांब करावी लागली. इमारत होती तेवढीच राहिली. एकच हॉल आणि त्याला दोन दारं. देशातल्या देशात फिरणारे डावीकडून थेट बाहेर जायचे, परदेशातून आलेले उजवीकडून पासपोर्टच्या खिडकीशी यायचे. परदेशचं विमान आठवड्यातून एकदाच, गुरुवारी. ते उतरायच्या आधी डावीकडच्या दाराला कुलूप घालायचं आणि उजवीकडचं उघडायचं, हे बाईचं काम. आज सकाळचं देशातलं विमान पाच तास रखडून नेमकं परदेशच्या विमानापुढे उतरलं. त्या लोकांना वाट देण्याच्या गडबडीत कुलूप राहून गेलं आणि त्यांच्या मागोमाग परदेशवालेही बिनबोभाट बाहेर पडले.

साहेबांचा आवाज चढला नाही, त्यामुळे ती जास्तच घाबरली.

"पाच वाजता मला आकडा वर कळवायचा असतो. बेचाळीस शिक्के पडले तर हे आपल्या चार भिंतींत राहील. एक जरी कमी पडला तर मला लिहावं लागेल. दार कोणाकडे होतं, तेही लिहावं लागेल."

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. बाई कंत्राटावर होती, आणि कंत्राटावरच्या माणसाला काढायला कारणसुद्धा लागत नाही. ती पळत सुटली.

दारापलीकडचा सामानाचा पट्टा नेहमीसारखा अडकला होता. त्या मेल्या पट्ट्याला तिनं आजवर शिव्याच घातल्या होत्या, आज त्यानंच तीस माणसं धरून ठेवली. बाकीची तिनं गाड्यांच्या रांगांतून, कुणाच्या गळ्यात पडलेली, कुणाशी भाड्यावरून भांडणारी अशी शोधून शोधून परत आणली. बोलणी पोटभर खाल्ली. साडेचारच्या आत खिडकीसमोर एक्केचाळीस माणसं उभी होती आणि साहेबांचा शिक्का आपटायला लागला होता.

बेचाळिसावा कोण हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याकडे सामान नव्हतं, खांद्याला एक पिशवी तेवढी. हॉलमध्ये थांबून त्यानं तिचा फोन मागितला होता. "ताई, माझा फोन इथे लागत नाहीये. बहीण गाडी घेऊन उभी आहे कुठेतरी. आमची आई शेवटच्या घटका मोजतेय." बहिणीशी दोन शब्द बोलून तो गोंधळून इकडे तिकडे बघत राहिला, तेव्हा त्याला देशातल्या विमानातला समजून उघड्या दाराकडे बोट बाईनंच दाखवलं होतं.

बहिणीचा नंबर फोनमध्ये तसाच होता. बाई तो हातात धरून खिडकीशी गेली.

"साहेब, तो माणूस दवाखान्यात निघालाय. आई जातेय त्याची. तुम्हीच शिक्का घेऊन तिकडे गेलात तर?"

"शिक्का या खिडकीबाहेर जात नाही, बाई. माणूस खिडकीशी येतो."

तिनं फोन लावला. बहिणीनं उचलला आणि ऐकून घेतल्यावर फाडकन म्हणाली, "परत? अहो, दहा मिनिटांवर आलाय दवाखाना! ती त्याच्या वाटेकडे डोळे लावून पडलीय, आणि तुम्हाला शिक्क्याचं पडलंय?" मग भावानं फोन घेतला. कायद्याचं काहीतरी सांगायचं असं बाईनं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"दादा, तुम्ही आला नाहीत तर माझी नोकरी जाईल."



"गाडी वळव," तो बहिणीला म्हणाला. ती किंचाळली, आणि फोन बंद झाला.

बाईला हायसं वाटलं. हायसं वाटलं याची तिला लगेच शिसारीही आली. ती रांगेपाशी गेली आणि एकेकाला विनवू लागली: एक माणूस येतोय, आई अत्यवस्थ आहे त्याची, आला की आधी त्याला सोडा. मघाशी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्यांनीही माना डोलावल्या. ती दाराशी जाऊन उभी राहिली. रस्त्यावरून येणारी प्रत्येक गाडी तिला त्याचीच वाटत होती.

पाचला बारा मिनिटं कमी असताना तो आला. धावत नव्हता. रांगेत आता सात-आठ जणच उरले होते. त्याला पाहताच ते बाजूला झाले आणि साहेबांनीही काचेमागून हात केला.

"या दादा, या," बाई पुढे होत म्हणाली. "सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. तुमचं आधी करतायत. दोन मिनिटांत मोकळे व्हाल."

तो तिला ओलांडून पुढे गेला. मग रांगेच्या शेवटी, कडेवर पोर घेतलेल्या एका बाईच्या मागे जाऊन उभा राहिला.

"होऊ दे त्यांचं," तो म्हणाला. "आता मला घाई नाही, ताई."