पाणथळीभोवतीची हिरवी रेघ

"हळू ये गं पोरी, पाणथळीचा आत्ताच कुठं डोळा लागलाय," बाप कुजबुजायचा. वल्हं पाण्यात बुडायचं तेही न वाजता. दोरालिसाला तो आवाज अजून ऐकू यायचा, बैठकीत कल्ला माजला की हमखास.

आजही माजला होता. शहर आणि भोवतालची तीन गावं यांच्या जमिनींचा एकत्र आराखडा तिनं शहराच्या वतीनं आखला होता. सगळं जुळलं होतं, अडलं होतं ते फक्त बापाच्या लाडक्या पाणथळीवर: तिच्याभोवतीची हिरवी रेघ कुठून न्यायची, कारण रेघेच्या आतली जमीन पाण्यासाठी सोडावी लागणार होती. बांधकामावरची तात्पुरती बंदी होती म्हणून पाणी आजवर वाचलं. ती बंदी आज संध्याकाळी संपणार होती. तिन्ही गावांच्या सह्या झाल्या नाहीत, तर उद्यापासून गोदामांसाठी भराव टाकायला रान मोकळं.

"हिरवी रेघ माझ्या कुरणातून? गाईंनी काय नकाशा चरायचा?" वरच्या गावची ऑब्दुलियाताई कडाडली.

"मग माझ्या फुटबॉलच्या मैदानातून काढू? गोलकीपरला होडी देता का?" खालच्या गावचा फाब्रिसिओ उसळला.

दोघांच्या मधे मधल्या गावचा एलिसेओ बसलेला. उंच, लाजरा, कायम गप्प. दर बैठकीला पेरूची वडी आणून दोरालिसापुढं सरकवायचा, मग नकाशात डोकं घालायचा. आज नकाशा त्याच्यासमोर उलटा होता.

"आधी जेवण!" ऑब्दुलियाताईनं हुकूम सोडला. रीतच होती. यजमान गावाचं सांकोचोचं, म्हणजे मटण-कंदांच्या दाट रश्श्याचं, पातेलं रिकामं झाल्याशिवाय सही नाही, आणि भांडण उरलं तर पुढच्या महिन्यात पुढच्या गावी पातेलं.

"ताई, आता पुढचा महिना नाही," दोरालिसा म्हणाली. "उद्या तिथं ट्रक येतील."

वाढणारा हात थांबला. ऑब्दुलियाताईनं एलिसेओकडं पाहिलं. फाब्रिसिओनंही. एलिसेओनं हळूच मान हलवली.

आणि पातेलं अर्धं भरलेलं असताना तिघांनी मुकाट्यानं सह्या ठोकल्या.

दोरालिसा बघतच राहिली. "एवढं सोपं होतं? मग इतके महिने माझा जीव का खाल्लात?"

"आमचं तर दुसऱ्याच बैठकीत मिटलं होतं, बाई," फाब्रिसिओ मिशी पुसत म्हणाला. "पण मिटलेलं भांडण दर महिन्याला नव्यानं भांडायचं म्हणजे काय घाम निघतो! या मुक्यापायी."

ऑब्दुलियाताईनं एलिसेओला कोपरानं ढोसलं. "बोल की रे, आता तरी."

एलिसेओ कानापर्यंत लाल झाला.

"रेघ ठरली असती, तर बाई... तुम्ही आमच्याकडं परत कशाला आला असता?"