दहा पायऱ्या खाली

"अंकल, पुन्हा शून्य," फिजिओथेरपिस्ट रोसनानी पडद्याकडे बघत म्हणाली.

व्यायामाच्या सायकलची पॅडलं मोटरवर उलटी फिरत होती आणि खू अंकलांचे पाय त्यांच्याबरोबर नुसते फिरत होते.

"पाय सोडून बसू नका. पॅडल तुमच्या अंगावर येतं, त्याला अडवायचं. चढायची ताकद वेगळी, उतरायची वेगळी. ही उतरायची."

"अडवतोय की."

"कुठे अडवताय? पाळण्यात बसल्यासारखे बसलाय," शेजारच्या सायकलवरून पुष्पवल्ली आंटी म्हणाली. "चाळीस वर्षं पेनांगच्या फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत बसलात. इथे तरी पायांना काम द्या."

खू अंकलांनी पाय रोवले. मांड्या थरथरल्या. पडद्यावरचा आकडा चाळीसवर गेला, मग साठवर.

सहा आठवडे झाले होते. आज परीक्षा होती. व्यायामकेंद्रामागच्या दहा पायऱ्या एकट्याने उतरायच्या, कठड्याला हात लावला तरी चालेल. मागच्या दोन्ही वेळा नेमकं परीक्षेच्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं होतं.

"आज नको," ते म्हणाले. "पौर्णिमा आहे. माझं आज शाकाहारी. अंगात ताकद नाही."

"हत्तीपण शाकाहारीच असतो, अंकल," आंटी म्हणाली.

सगळे हसले. तेही हसले, आणि हसल्यावर मग जावंच लागलं.

पायऱ्या ते सहज चढले. वर जाऊन वळले आणि तिथेच थांबले. खाली रोसनानी हातात घड्याळ घेऊन उभी होती.

"या अंकल. मी आहे खाली."

गेल्या वर्षी बायकोला, स्यूएंगला, ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून जिन्याने खाली नेलं होतं. वळणावर स्ट्रेचर तिरकं झालं तेव्हा तिने मान उचलून वर पाहिलं. ते जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभे होते. पाय खाली पडत नव्हता. परक्या माणसांसमोर बसून, घसरत उतरायची लाज वाटली.

"तू हो पुढे," ते म्हणाले होते. "मी कुलूप लावून येतो."

स्यूएंग वाटेतच गेली. मुलगी दुपारी घरी आली तेव्हा ते वरच्याच पायरीवर बसले होते. किल्ली सापडली नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. अजून तेच सांगत होते.

"अंकल? बरं वाटतंय ना?"

त्यांनी एक पाय खाली टाकला. गुडघा पुढे कोसळायला लागला. त्यांनी तो अडवला, पॅडल अडवायचे तसा. मग दुसरा पाय. दहाव्या पायरीनंतर आंटीने टाळ्या वाजवल्या.

"अडतीस सेकंद!" रोसनानी म्हणाली. "उगाच घाबरत होतात."

"अडतीस." ते घाम पुसत राहिले. "आमच्या जुन्या घराच्या जिन्याला चोपन्न पायऱ्या होत्या."

"मग? त्यापण जमतील."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"ॲम्ब्युलन्स चार मिनिटं थांबते का गं?"

"थांबते की. घरचं माणूस येतंय म्हटलं तर थांबतात. का हो?"

खू अंकल वळले आणि पुन्हा पायऱ्या चढू लागले.

"अहो, झाली परीक्षा! आता कुठे?"

"हत्ती निघाला बघा," आंटी म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

वर पोचून ते वळले. कठड्याला हात न लावता उतरू लागले, जमेल तेवढी घाई करत, खाली कुणीतरी थांबलेलं असावं तसे.